पायाखालचा साथीदार

मिनिटाला 120 मात्रांचं गाणं असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. अंतरा संपून सोलो सुरू होतो तो एवढ्याच फटीत. तेवढ्यात गिटारवादकाला कोरस हा इफेक्ट बंद करायचा असतो, ओव्हरड्राइव्ह चालू करायचा असतो, डिले म्हणजे प्रतिध्वनी वाढवायचा असतो आणि आवाजही जरा वर न्यायचा असतो. पाय दोनच, त्यांतल्या एकावर उभंही राहायचं. त्यातून गाणाराही तोच असेल तर माइकसमोरून हलायचीही सोय नाही. या अडचणीवर वाद्यं बनवणाऱ्यांनी जी उत्तरं शोधली, त्यांत मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरचं आपोआप चालणारं नियंत्रण मला सर्वांत सुंदर वाटतं. ते वापरणारे मात्र थोडेच. प्रोसेसर विकत घेतला जातो, त्यातले तयार पॅच, म्हणजे आवाजाच्या साठवलेल्या मांडण्या, वाजवल्या जातात आणि मेन्यूतलं ‘असाइन’ नावाचं पान न उघडताच राहतं.

जपानच्या रोलँड कंपनीच्या बॉस या शाखेनं 1977 मध्ये छोटी, रंगीत पेडल बाजारात आणली. एका पेडलचं काम एक. त्याचे नॉब हातानं फिरवायचे आणि जिथे फिरवले तिथेच ते राहणार. 1988 च्या एमई-5 मध्ये बॉसनं अनेक इफेक्ट एका पेटीत बसवले आणि त्यांची मांडणी लक्षात ठेवण्याचं काम पेटीकडे दिलं. पुढे सगळा आवाजच आकड्यांतून घडू लागला तेव्हा नॉब म्हणजे निव्वळ एक आकडा झाला. तो बोटानं बदला, पायानं बदला, की आणखी कशानं. यंत्राला फरक पडत नाही. इथून पुढची सगळी करामत या एका गोष्टीवर उभी आहे.

बाहेरून हे आकडे बदलायची भाषा त्याआधीच तयार झाली होती. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 हे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सिंथेसायझर एका वायरनं जोडले गेले आणि एकमेकांशी बोलले. ही भाषा म्हणजे ‘मिडी’. तिच्यासाठी सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एक नॉब हलवण्याचा निरोप तीन बाइटचा, म्हणजे तो साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. ‘प्रोग्राम चेंज’ म्हणजे पॅच बदल, ‘कंट्रोल चेंज’ म्हणजे अमुक नॉब 0 ते 127 यांपैकी तमुक आकड्यावर ने. एवढ्या शब्दांत खूप काही सांगता येतं.

पण अख्खा पॅच बदलण्यात एक खोट होती. प्रोसेसर इफेक्टची जुनी साखळी मोडून नवी रचतो तेव्हा क्षणभर आवाज तुटू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, आधीच्या सुराची हवेत तरंगणारी आस कापली जाते. शांत गाण्यात तो खड्डा फार टोचतो. म्हणून लाइन सिक्सच्या हेलिक्सनं ‘स्नॅपशॉट’ आणले आणि फ्रॅक्टलच्या यंत्रांनी ‘सीन’. साखळी तीच ठेवायची, फक्त आतले आकडे आणि काय चालू, काय बंद तेवढं एकदम बदलायचं. हेलिक्सच्या एका पॅचमध्ये असे आठ स्नॅपशॉट मावतात. सुरुवातीला सांगितलेली चार कामं आता एका दाबात होतात.

यापुढची पायरी खरी रसाळ आहे. 2012 मधल्या बॉसच्या जीटी-100 मध्ये प्रत्येक पॅचला आठ असाइन मिळतात. प्रत्येकात ठरवायचं ते इतकंच: कोणता नॉब, कुठून कुठपर्यंत आणि कुणाच्या हुकमानं. हुकूम पायाचा असू शकतो. ‘इंटर्नल पेडल’ निवडलं तर इशारा मिळताच एक अदृश्य पेडल ठरलेल्या वेळात आपणहून खाली जातं. सोलोचा आवाज दोन सेकंदांत हळूहळू फुलवायचा असेल तर हे नेमकं. ‘वेव्ह पेडल’ निवडलं तर तो नॉब लाटेसारखा वरखाली होत राहतो. आणि ‘इनपुट लेव्हल’ निवडली तर हुकूम तारेचा. तुम्ही किती जोरात छेडता, त्यावर नॉब हलतो.

लाट थोड्या वेळानं कळून चुकते, कानाला ती पाठ होते. तारेचा हुकूम कधी पाठ होत नाही, कारण तो हाताचा असतो. ही कल्पना जुनी आहे. 1972 च्या म्यू-ट्रॉन थ्री या पेडलमध्ये वाह-वाहसारखा फिल्टर पायानं नव्हे, वाजवण्याच्या जोरानं उघडत असे. स्टीव्ही वंडरच्या ‘हायर ग्राउंड’मध्ये क्लॅव्हिनेटवर तोच आहे. 1985 च्या टीसी इलेक्ट्रॉनिकच्या 2290 या डिलेनं आणखी मुरलेली गोष्ट केली: वादक वाजवत असताना प्रतिध्वनी दबलेला ठेवायचा, वादक थांबला की तो वर येऊ द्यायचा. गवय्यामागे बसलेला जाणता सारंगिया हेच करतो. गायक गात असतो तेव्हा तो मागे राहतो आणि गायकानं श्वास घेतला की ती जागा भरतो.

याउलट, मोठ्या परदेशी कार्यक्रमांत संगणक ठेक्याबरोबर चालतो आणि नेमक्या मात्रेवर पॅच बदलण्याचा निरोप धाडतो. वादकाला पाय हलवावाच लागत नाही. कार्यक्रम सेकंदापर्यंत बांधलेला असेल तर ही पद्धत चोख आहे. आपल्या ऑर्केस्ट्राला ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे वन्स मोअर येतो, गायक मुखडा दोनदा जास्त घेतो, निवेदक मध्येच बोलायला लागतो. मुंबईच्या बेंजो पार्ट्यांत बुलबुलतरंगाची वायरही गिटारच्या प्रोसेसरमध्ये जाते. तिथे मिरवणूक कोणत्या चौकात किती वेळ थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. अशा ठिकाणी घड्याळाचा हुकूम कामाचा नाही. गाण्याचा भाग बदलताना पायानं एक स्नॅपशॉट आणि त्या भागाच्या आत हाताच्या जोरावर चालणारे एक-दोन असाइन, ही जोडी इथे टिकते.

तुमच्याकडे असा प्रोसेसर असेल तर आज एकच असाइन लावून पाहा. नॉब डिलेच्या आवाजाचा, हुकूम इनपुट लेव्हलचा. हळू वाजवण्याच्या टोकाला मोठा आकडा ठेवा, जोराच्या टोकाला लहान. डिलेचा वेळही गाण्याच्या लयीवर बांधा. मिनिटाला 120 मात्रा असतील तर पाऊण मात्रेचा डिले 375 मिलिसेकंदांचा. एक ओळ वाजवा आणि थांबा. इनपुट लेव्हलची संवेदनशीलता ठरवताना मात्र घरी खुर्चीत बसून हळू वाजवू नका. उभं राहून, कार्यक्रमात वाजवता त्याच जोरानं वाजवा. प्रत्येक गिटारच्या पिकअपची ताकद वेगळी असते, तेव्हा गिटार बदलली की हा आकडा पुन्हा ठरवावा लागतो.