करवंटीच्या पोटातली मैदानं

ती करवंटी कचऱ्यात टाकू नका रे पोरांनो. खोबरं आजीनं नेलं, उरलेल्याची गोष्ट माझी. उत्तनच्या वाडीतला नारळ आणि भाईंदरच्या मिठागरातलं मीठ, या दोघांची गाठ घालून दिली की वीज साठवता येते. हसू नका, ऐका.

करवंटी उघड्यावर पेटवली तर तिची राख होते. पण हवा कोंडून भट्टीत तापवली तर जळायला प्राणवायूच मिळत नाही. ओल, धूर, डांबर निघून जातं आणि मागे कोळसा उरतो. तो पुन्हा ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आणि त्यावर पाण्याची वाफ सोडायची. ही वाफ कोळसा खाते! कार्बनचा अणू वाफेशी जुळतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात आणि उडून जातात. अणू जिथून गेला तिथं भोक पडतं. वाफ त्या भोकातून आत शिरते, आणखी कुरतडते, बोगद्याला बोगदा फुटतो. भट्टी थांबवल्यावर हाती येतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन. आपल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो, तोच.

यातली बरीचशी छिद्रं दोन नॅनोमीटरहूनही अरुंद असतात. तुमच्या एका केसाच्या जाडीवर अशी चाळीसेक हजार छिद्रं ओळीनं मावतील. आता एक ग्रॅम भुकटी चिमटीत धरा आणि मनातल्या मनात तिच्या सगळ्या बोगद्यांच्या भिंती उलगडून जमिनीवर पसरा. किती जागा लागेल? १००० ते २००० चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. करा भागाकार.

“सात ते पंधरा मैदानं!”

बरोबर. चिमूटभर भुकटीत.

आता मिठाकडे वळू. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात, धन भाराचा सोडियम आणि ऋण भाराचा क्लोराइड. यांना म्हणायचं आयन. या खाऱ्या पाण्यात आपल्या कोळशाच्या दोन वड्या बुडवा, मध्ये सच्छिद्र कागद ठेवा आणि दोन्ही वड्यांना एक व्होल्टपेक्षा कमी दाबाची वीज जोडा. ऋण वडीकडे सोडियम धावतो, धन वडीकडे क्लोराइड. ते बोगद्यांत शिरून भिंतींना चिकटून उभे राहतात. भिंतीच्या आत विजेचा भार, बाहेर आयनांचा. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं १८५३ साली हा दुहेरी थर ओळखला होता. जागा जितकी मोठी आणि दोन भारांमधलं अंतर जितकं कमी, तितकी साठवण जास्त. इथं जागा मैदानांची आणि अंतर नॅनोमीटरचं, मग साठवण वाढणारच.

“पण आजोबा, मग बॅटरीत काय वेगळं होतं?”

चांगलं विचारलंस. भाईंदरला विरार लोकल पाहिली आहेस ना? जो आत शिरून खिडकीशी बसला, त्याला उतरायचं तर आधीच्या स्टेशनापासून वाट काढत दारापाशी यावं लागतं. दारातला माणूस गाडी थांबताच खाली. बॅटरीतला आयन पदार्थाच्या आत जाऊन बसतो, म्हणून माल भरपूर मावतो, पण चढउतार सावकाश. शिवाय दर खेपेला पदार्थ थोडा फुगतो, आकसतो, झिजतो. आपल्या कोळशाच्या वड्यांच्या साठवणीतला, म्हणजे कपॅसिटरमधला, आयन भिंतीपाशीच उभा असतो. रसायन बदलत नाही, म्हणून कपॅसिटर सेकंदांत भरतो, सेकंदांत रिकामा होतो आणि लाखो वेळा हे करूनही फारसा थकत नाही. याला सुपरकपॅसिटर म्हणतात.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरनं १९५७ साली सच्छिद्र कोळशाच्या अशा कपॅसिटरचं पेटंट मिळवलं. त्यात त्यानं सरळ लिहून टाकलं, की आत नेमकं काय घडतं ते ठाऊक नाही, पण साठवण प्रचंड होते. पुढे २००६ साली गोगोत्सी आणि सिमाँ या शास्त्रज्ञांच्या गटाला आणखी एक नवल दिसलं. एका नॅनोमीटरपेक्षाही अरुंद छिद्रांत साठवण कमी व्हायला हवी होती, ती उलट वाढली. आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचं कडं असतं. अरुंद दारातून शिरताना ते काही अंशी गळून पडतं आणि आयन भिंतीच्या आणखी जवळ जातो.

कारखान्यात नुसती भुकटी चालत नाही. कणाकणांतून वीज नीट वाहावी म्हणून तिच्यात वाहक काजळी मिसळतात, सगळं धरून राहावं म्हणून थोडा चिकट पॉलिमर घालतात आणि तो लगदा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर थापतात. खारं पाणीही तिथं नसतं. १.२३ व्होल्टच्या पुढे पाणी फुटून त्याचे वायू व्हायला लागतात. सेंद्रिय द्रावक वापरला तर २.७ व्होल्टपर्यंत जाता येतं. ऊर्जा व्होल्टच्या वर्गानं वाढते, त्यामुळे एका व्होल्टच्या तुलनेत सातपटीहून जास्त मिळते. कोळशाला धातूच्या ऑक्साइडची जोड दिली, तर पृष्ठभागावर थोडी रासायनिक देवघेवही होते आणि साठवण आणखी वाढते. असल्या ऑक्साइडचे पातळ थर साध्या द्रावणांतून बसवण्याचं काम आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं केलं.

“मग आईच्या फोनमध्ये हेच का नाही बसवत?”

हिशेब करू. ३००० फॅरड साठवणक्षमतेची, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची एक नळी २.७ व्होल्टला भरली, की तिच्यात साधारण ११ हजार ज्यूल ऊर्जा मावते. तेवढ्यात आजीचा एक कप चहासुद्धा उकळणार नाही. तितक्याच वजनाची लिथियम बॅटरी वीसपट किंवा त्याहून जास्त देईल. भरून ठेवलेली वीज हळूहळू गळते, हाही याचा दोष. पण तीच ऊर्जा दहा सेकंदांत सोडली, तर साठ किलोचा माणूस सहा मजले वर जाईल. जिथं झटका हवा तिथं हा गडी. एअरबस ए३८० विमानाचे दरवाजे संकटकाळी उघडायला सुपरकपॅसिटर ठेवलेत. शांघायमध्ये २००६ पासून यांच्यावर बस धावल्या, थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत भरून घ्यायच्या आणि पुढचा थांबा गाठायच्या.

आपली लोकलसुद्धा ब्रेक लावताना मोटारीचं जनित्र करते आणि वीज वरच्या तारेत परत पाठवते. जिथं ती परत घ्यायला तार नाही, तिथं थांबण्याच्या त्या काही सेकंदांत वीज झेलायला कोळशाच्या या भिंतींइतकं चपळ दुसरं फारसं काही नाही.

“म्हणजे आजोबा, दारात उभं राहणंच चांगलं!”

आयनाला. तू मुकाट्यानं आत जाऊन बसायचं.