बीजगणिताच्या रेघा आणि हमालीचा हिशेब

बीजगणिताची शिकवणी खानदेशाला नवी नाही. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरिता मठ स्थापिला, असे त्यावरून कळते. भास्कराचार्य अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. आज जळगाव-धुळ्याकडचा मुलगा मोबाइलवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा उघडून समीकरणे लिहितो, तेव्हा प्रत्येक समीकरणाची रेघ निराळ्या रंगात उमटते. हा निव्वळ योगायोग. पण आम्हांला तो आवडतो.

आम्ही समीकरणे शिकलो ती शाळेत नव्हे, मजुरीच्या दरांवरून. म्हणून मुलांनाही तेथूनच शिकवितो. श्रोत्यांनी हा हिशेब कागदावर करून पाहावा. हमालापुढे दोन ठराव आहेत. पहिल्यात रोजचे २०० रुपये ठरलेले, शिवाय पोत्यामागे ५ रुपये. दुसऱ्यात ठरलेले काही नाही, पोत्यामागे ९ रुपये. पोती क्ष आणि मजुरी य मानली, तर एक रेघ य = ५क्ष + २०० आणि दुसरी य = ९क्ष. त्या ५० पोत्यांवर, ४५० रुपयांना छेदतात. त्याच्या आत पहिला ठराव हमालाच्या फायद्याचा, त्यापुढे दुसरा.

हीच समीकरणे पडद्यावर टाकली की गंमत होते. पडदा आरंभी शून्याच्या आसपासचाच टापू दाखवितो. तेथे दुसरी रेघ दिसते, पहिली दिसतच नाही. मुलगा म्हणतो, यंत्र चुकले, नाहीतर याला उत्तर नाही. यंत्र चुकलेले नसते. रेघ वर, चौकटीबाहेर असते. येथे शिकविणाऱ्याने घाईने पडदा सरकवू नये. पोते एकही उचलले नाही तर पहिल्या ठरावात हाती काय पडेल, एवढेच विचारावे. मुलगा २०० म्हणतो आणि रेघ कोठे शोधायची ते त्याला आपोआप उमगते.

पाचाच्या जागी अक्षर लिहिले की त्याचा आकडा कमीजास्त करण्याची सरकपट्टी मिळते. पाचाचे सहा करताच पहिल्या रेघेचा चढ वाढतो आणि छेदनबिंदू उजवीकडे ६६ पूर्णांक दोन तृतीयांशावर जातो. यंत्र एवढेच सांगते. पोत्याचे तुकडे होत नाहीत, म्हणून ६६ पोत्यांवर पहिला ठराव २ रुपयांनी सरस आणि ६७ वर दुसरा १ रुपयाने, हे माणसाने पाहायचे. ठरावावर अंगठा उठविण्यापूर्वी बापाला हे समजावून सांगणारे पोर घरात असणे, आमच्या दृष्टीने, परीक्षेतल्या गुणांहून मोलाचे आहे.

अर्थात गुणही हवेतच. परीक्षेत मोबाइल नसतो, आलेखकागद असतो. तेव्हा तीन बिंदू हाताने मांडून रेघ आधी कागदावर काढावी, यंत्र मागून. घरातला एकुलता फोन बाप कामावरून आल्यावरच मिळतो, याचेही मग अडत नाही. एका फोनभोवती पाच मुले बसली, तर चौघांनी छेदनबिंदू कागदावर बोट ठेवून सांगावा आणि मगच पाचव्याने पडद्यावर समीकरण लिहावे.