बाटलीत बुडबुडे येतात कुठून? गोष्ट नाशिकच्या स्पार्कलिंग वाइनची

ढाणकीत बसून ऐकणाऱ्यांनो, आपल्याकडे कापूस, सोयाबीन, हळद. मग आज वाइनचा विषय कशाला? कारण यात थोडं रसायनशास्त्र आहे आणि बरीचशी शेती आहे.

पहिली गोष्ट नावाची. पांढरी, फसफसणारी प्रत्येक वाइन म्हणजे शॅम्पेन नव्हे. ते नाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाइनचं. आपल्याकडची ती ‘स्पार्कलिंग वाइन’.

महाराष्ट्रात याची सुरुवात झाली १९८०च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला. श्यामराव चौगुले यांच्या ‘शातो इंडाज’नं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं अशी वाइन बनवली. ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशातही विकली गेली. पुढे नाशिकची ‘सुला’ आली. २०१३मध्ये ‘शांदों’ची भारतीय वाइन बाजारात आली, तिची वायनरी दिंडोरीला आहे.

आता द्राक्ष. इथे सगळ्यात कामाचं वाण म्हणजे शेनिन ब्लां. मूळ फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं. उन्हातही आंबटपणा टिकवून धरतं, हा याचा मोठा गुण. सोबत शार्दोने आणि पिनो न्वार हीसुद्धा वापरतात. पिनो न्वार काळं द्राक्ष आहे बरं का! पण रंग सालीत असतो. हलक्या हातानं दाबलं की रस जवळपास पांढराच निघतो.

नाशिकला एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. म्हणजे घड पिकतात ते थंडीत. गार रात्रीत आंबटपणा टिकतो. स्पार्कलिंगसाठी तर साखर पूर्ण भरायच्या आधीच तोडणी करतात.

आणि बुडबुडे? आधी साधी वाइन तयार होते. मग ती बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालतात, झाकण पक्कं लावतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. वायूला बाहेर जायला वाटच नाही, म्हणून तो वाइनमध्ये विरघळतो. आतला दाब कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त! मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेत आणतात, मान गोठवतात आणि गाळाचा गोळा बाहेर उडवतात. लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलं असेल, तर लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी.

आता आपल्या कामाचं. ‘आमच्या शेतात लावू का?’ थांबा जरा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, आणि द्राक्षाच्या मुळांना ते सोसत नाही. त्याहून मोठी अडचण बाजाराची. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. वायनरीनं नाही घेतलं, तर मंडईत त्याला कोण विचारणार? २००८च्या मंदीनंतर इंडाज कर्जात बुडाली, मागणी घटली, आणि नाशिक भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. कापसाला निदान दुसरा व्यापारी तरी मिळतो.

म्हणून कोणी ‘वाइनची द्राक्षं लावा, मालामाल व्हा’ असा व्हिडिओ पाठवला, तर दोनच प्रश्न विचारा: तोडल्यावर माल काही तासांत पोचेल अशी वायनरी कुठे आहे? आणि खरेदीचा लेखी करार कोण करतंय? उत्तर नसेल, तर रोपांचे पैसे खिशातच राहू द्या.

भेटू पुढच्या भागात!