टोंकखुर्दची तळी आणि शाळेचा प्रकल्प

‘शाश्वत विकास’ हा विषय प्रकल्पासाठी दिला की बहुधा पृथ्वीच्या गोलाचे चित्र असलेला तक्ता तयार होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांपैकी सहावे पाण्याचे. ते गावपातळीवर कसे उतरवावे, याचे उदाहरण मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, टोंकखुर्द परिसरात आहे.

तेथे कूपनलिका खोल जात राहिल्या आणि आटल्या. देवास शहराला तर एकेकाळी रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांपुढे उपदेश नव्हे, हिशेब ठेवला: दहाव्या हिश्शाच्या जमिनीत तळे खोदा, उरलेल्या जमिनीत रब्बी पिकवा. तळ्याला ‘रेवासागर’ आणि ते खोदणाऱ्याला ‘भगीरथ कृषक’ म्हटले गेले. अनेकांनी तळी स्वखर्चाने खोदली.

विद्यार्थ्यांनी घ्यायची ती ही हिशेबाची रीत. गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर पाणी. तरीही एप्रिलमध्ये टँकर का येतो? वाड्यावरची एक विहीर निवडावी, ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला दोरीने पातळी मोजावी, ती पूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे हे वडीलधाऱ्यांना विचारावे.

मात्र तळ्याची नक्कल नको. माळव्याची काळी माती पाणी धरते. आपल्या जांभ्यातून ते झिरपून जाते. त्यामुळे येथे प्रश्न साठवणीपेक्षा जिरवणीचा असू शकतो, आणि ते विहिरीची नोंदवहीच सांगेल.