पुस्तकातील वाटाड्या

अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले म्हणजे समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीच्या वेळी किनारा आणि किल्ला यांमधील वाळू व खडक उघडे पडतात आणि मुलेमाणसे घोट्याइतक्या पाण्यातून चालत किल्ल्यापर्यंत जातात. एकदा आत शिरले, की वेळेचे भान राहत नाही. चुना न वापरता एकावर एक रचलेले तटाचे प्रचंड दगड, सिद्धिविनायकाचे मंदिर, चहूकडे खारे पाणी असताना आत गोडे पाणी देणाऱ्या विहिरी, तटावरील तोफा, हे सर्व पाहता पाहता दोन-तीन तास सहज निघून जातात. समुद्र मात्र आपले काम विसरत नाही. प्रवासी परत दरवाजापाशी येतो, तो ज्या वाटेने आला ती वाटच नाहीशी झालेली असते! आता होडी मिळाली तर ठीक. नाहीतर पुन्हा ओहोटी लागेपर्यंत तटावर बसून राहणे आले. कित्येक उतावळे लोक मात्र बसून राहत नाहीत. ‘पाणी गुडघाभर तर आहे’ असे म्हणून ते त्यात उतरतात आणि चढत्या पाण्याची ओढ किती असते, हे त्यांना मध्यावर गेल्यानंतर कळते.

या किनाऱ्यावरील कोळ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्यापाशी एक साधा हिशेब असतो : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन व दुपारी तीन या सुमारास पाणी पूर्ण चढलेले आणि सकाळी नवाच्या सुमारास ओसरलेले असणार. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून हा हिशेब निघाला आहे. पण तेवढ्यानेही भागत नाही. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी फार चढते, तसेच फार ओसरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार हटतही नाही. म्हणजे ओहोटीची वेळ बरोबर साधली, तरी पायवाट कोरडी मिळेलच असे नाही. शिवाय हा हिशेब स्थूल आहे. नेमकी वेळ पाहिजे असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची जी कोष्टके प्रसिद्ध करतो, त्यांच्यासारखे वेळापत्रक पाहिले पाहिजे.

नागपूरहून किंवा सोलापूरहून प्रथमच समुद्र पाहण्यास आलेल्या मनुष्याला हे कोठून ठाऊक असणार? त्याच्या पिशवीत एखादे चांगले प्रवासमार्गदर्शक पुस्तक असेल, तर त्यात दोन ओळी असतात : ‘किल्ल्यात पायी जावयाचे असल्यास ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. भरती लागण्यापूर्वी परत फिरावे.’ पुस्तकात याच दोन ओळी अखेर सर्वांत मोलाच्या ठरतात. किल्ल्याचे वर्णन कितीही सुरस असले, तरी ते नंतर वाचता येते.

अलिबागच्या कोळ्याला अलिबागची भरती ठाऊक असते. पण तो उद्या केदारनाथाला निघाला, तर तेथे तोही परकाच. आपला देश सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरांचा आहे, आणि त्यातील प्रत्येक ठिकाणाची जणू आपापली भरती-ओहोटी आहे. केदारनाथाचे मंदिर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडते व भाऊबिजेला हिवाळ्यासाठी बंद होते. दिवाळीची सुटी लागली म्हणून सावकाश निघालेल्या यात्रेकरूला बंद दाराचे दर्शन घेऊन परतावे लागते. आसामातील काझीरंगाच्या अरण्यात गेंडा पाहावयाचा, तर पावसाळा टाळावा लागतो; कारण त्या दिवसांत ते पर्यटकांस बंद असते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने तेथे उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घेतली नाही, तर विरळ हवेने धडधाकट मनुष्यही आजारी पडतो. हे सर्व एका माणसाला एका जन्मात स्वानुभवाने शिकता येणार नाही. जो तो आपल्या गावापुरता जाणता असतो. अशा गावोगावच्या जाणत्यांचे ज्ञान एका ठिकाणी गोळा करून ते परक्याच्या हाती देणे, हेच मार्गदर्शक पुस्तकाचे कार्य होय.

असे पुस्तक आणि प्रवासवर्णन यांत मात्र गल्लत करू नये. याच रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई हे गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानात निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे दक्षिणा मिळेल, असे त्यांच्या कानी आले होते. घरावरचे कर्ज फेडावे, एवढाच साधा हेतू. पुढची वाट कशी आहे, हे सांगणारे पुस्तक त्यांच्याजवळ नव्हते. वाटेत भेटेल तो सोबती आणि सांगेल ती बातमी, यांवरच सारी भिस्त. लवकरच बंड होणार असल्याची कुणकुण त्यांना महूजवळ शिपायांकडून लागली. तरीही ते पुढे गेले. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, लुटले गेले, अनेकदा प्राणावर बेतले; आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते वरसईस परतले. या आठवणी त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहून काढल्या. चिंतामण विनायक वैद्य यांनी त्या १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केल्या. मराठीतील हे एक अमोल पुस्तक आहे. तथापि ते वाचून कोणाला झाशीस जाता येणार नाही. प्रवासवर्णनात लिहिणाऱ्याचा प्रवास असतो. मार्गदर्शक पुस्तकात वाचणाऱ्याचा. पहिल्यात लेखक आपल्यावर काय गुदरले ते सांगतो, दुसऱ्यात तो स्वतः बाजूला राहून ‘येथे डावीकडे वळा’ असे म्हणतो.

गोडसे भटजी उत्तरेत ज्या काळी भटकत होते, त्याच सुमारास, म्हणजे १८५९ साली, लंडनच्या मरे या प्रकाशकाने मद्रास व मुंबई इलाख्यांचे मार्गदर्शक पुस्तक काढले. ते इंग्रजीत होते व साहेबलोकांसाठी होते. ज्यांचा हा देश, त्यांच्या हाती मात्र तसे काही नव्हते! पुढे १८८३ साली कुलाबा व जंजिरा यांचे गॅझेटियर निघाले. तेही सरकारी अधिकाऱ्यांच्या सोयीसाठीच होते. परंतु त्याच्या शेवटी पाहण्याजोग्या स्थळांचे एक प्रकरण होते आणि पुढे मराठीत किल्ल्यांवर व तीर्थक्षेत्रांवर लिहिणाऱ्यांना अशा गॅझेटियरांचा पुष्कळ उपयोग झाला.

यावरून अशी पुस्तके इंग्रजांनीच प्रथम आणली, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा जुना मराठी ग्रंथ आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या गावातील देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेला, तेथून दुसरे स्थान कोणीकडे, हे त्यात टिपले आहे. ज्या भक्तांनी स्वामींना पाहिले नव्हते, त्यांनाही त्या पोथीच्या आधारे त्या जागी जाऊन उभे राहता यावे, ही त्यामागील तळमळ.

आणखी मागे गेले, तर रायगडच्या किनाऱ्याचा उल्लेख असलेले एक फार प्राचीन पुस्तक सापडते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका अज्ञात व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रंथ लिहिला. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गलबतांनी कोणत्या बंदरात थांबावे, तेथे काय विकावे, काय घ्यावे, याची ती यादीच आहे. त्यात ‘सेमुल्ला’ नावाचे बंदर येते. ते आपले अलिबागजवळील चौल होय, असे विद्वान मानतात. या ग्रंथकाराला भडोचच्या खाडीची मोठी धास्ती होती. तेथील भरती इतक्या जोराने चढते, की नवखी गलबते तिच्यात सापडून फुटतात, असे तो बजावतो. आणि लगेच उपायही सांगतो. राजाने नेमलेले तेथील कोळी होड्या घेऊन समोर येतात व गलबतांना वाट दाखवत आत नेतात, त्यांच्या मागून जावे. पुस्तकाचे सांगणे संपते तेथे स्थानिक माणसाचे सांगणे सुरू होते, हे या जुन्या व्यापाऱ्याने नेमके ओळखले होते.

धोके टाळणे एवढाच मात्र या पुस्तकांचा उपयोग नाही. डोळ्यांना दिसूनही जे कळत नाही, ते पुस्तकामुळे कळते. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. नुसत्या नजरेला त्या साध्या, जुन्या इमारती. पर्यटक त्यांच्यावरून किनाऱ्याकडे निघून जातो. परंतु पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे, विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तेथील नोंदी बिघडण्याची भीती निर्माण झाली, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेत सुरू झाले आणि लोखंड इत्यादी चुंबकीय पदार्थ टाळून येथील इमारत बांधली, हे आधी वाचले असेल, तर तोच मनुष्य कुंपणापाशी थबकतो. चौलपासून जवळच रेवदंडा, आणि खाडीपलीकडे कोर्लई. कोर्लईचा पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला सर्वांनाच दिसतो. पण पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून बनलेली एक बोली बोलली जाते, ती ऐकण्यास कान टवकारायचे, हे कोणीतरी सांगावे लागते. मुरूडजवळ राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला निघाले, की बराच वेळ नुसता तटच दिसतो आणि दरवाजा कोठे आहे, हे उमगत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर तो एकाएकी समोर येतो. दाराशी नखांत हत्ती पकडलेला एक पशू कोरलेला आहे. त्याकडे बोट दाखविणारे पुस्तक हाती नसेल, तर उतरण्याच्या गडबडीत तो हमखास राहून जातो.

या पुस्तकांना एक मोठा दोषही आहे. ती म्हातारी होतात. जुन्या पुस्तकात ‘कुलाबा जिल्हा’ शोधणाऱ्याला तो आजच्या नकाशात सापडणार नाही, कारण १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. त्या पुस्तकांत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटींचे दर असतात. त्या आगबोटी केव्हाच बंद झाल्या. १९९८ पासून रोह्यापुढे कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ साली शिवडीहून समुद्रावरील अटल सेतू खुला झाला. म्हणून पुस्तक उघडताच प्रथम ते कोणत्या सालचे आहे, हे पाहावे. काही ओळी मात्र शिळ्या होत नाहीत. ‘पावसाळ्यात गेट वे ऑफ इंडिया ते मांडवा ही लाँच बंद असते’ हे वाक्य वाचून मुंबईचा उतावळा प्रवासी कपाळाला आठ्या घालतो. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या कोरड्या वाक्यामागे केवढा अनुभव उभा आहे, हे त्याला ठाऊक नसते.

हल्ली मोबाइलवर नकाशा पाहून कोठेही जाता येते, आणि ती सोय मोठीच आहे. रस्ता, अंतर, वाहनांची गर्दी हे सर्व त्यात तत्काळ दिसते. परंतु तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. कुलाबा किल्ला किती दूर आहे, असे विचारले, तर तो अंतर सांगेल. भरतीचे काय, हे विचारावयाचे असते, हेच ज्याला माहीत नाही, त्याने काय विचारावे? चांगले पुस्तक न विचारलेले प्रश्नही आधीच ओळखून ठेवते.

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांच्या प्रस्तावनेत बहुधा एक विनंती आढळते : चुका दिसल्यास, वाट बदलली असल्यास, वाचकांनी कृपा करून कळवावे. अशा पत्रांतूनच पुढची आवृत्ती तयार होते. वाचनालयात एखादी जुनी, हाताळलेली प्रत मिळाली, तर तिच्या समासात पेन्सिलीच्या टिपा दिसतात : ‘धर्मशाळा आता नाही.’ ‘पाणी उन्हाळ्यात आटते, बरोबर न्यावे.’ ‘वडाच्या झाडापासून उजवीकडे, डावीकडे नव्हे.’ लिहिणाऱ्याचे नाव नसते. तो वाट चुकला असेल, उन्हात हिंडला असेल. आणि घरी परतल्यावर पुस्तक परत करण्यापूर्वी, पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी त्याने पेन्सिलीला टोक केले असेल.