घड्याळाची स्प्रिंग, सोमल आणि झाडाचा चीक

‘रूट कॅनॉल केले की मेलेल्या दाताचे विष अंगभर पसरते, त्यापेक्षा दाढ काढून टाकलेली बरी’ असा मेसेज अधूनमधून मोबाईलवर फिरत असतो. त्याखाली एखाद्या खालाजान हमखास लिहितात, ‘म्हणूनच मी काढून टाकली.’ ही भीती कोठून आली ते समजायला एकोणिसाव्या शतकात जावे लागते. कारण ती जन्मली तेव्हा अगदीच बिनबुडाची नव्हती.

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून पोकळ असतो. त्या पोकळीत जिवंत गर असतो आणि तो बारीक नळीतून थेट मुळाच्या टोकापर्यंत जातो. आपण ज्याला ‘नस’ म्हणतो ती हीच. कीड तेथवर पोचली की रात्रभर ठणका लागतो. गर सडला की मुळाशी पू होतो, गाल सुजतो. 1800 च्या सुमारास यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होता, दात उपटणे. त्यासाठी दाराच्या किल्लीसारखे अवजार असे. त्याचा आकडा दाढेला अडकवायचा आणि कुलूप उघडतात तसे पिळायचे. तेही भूल न देता! ईथरने भूल देण्याचे गाजलेले प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये 1846 साली झाले आणि तो ईथर देणारा मॉर्टन हा दातांचाच डॉक्टर होता.

दात न काढता दुखणे मारण्याची खटपट मात्र फार जुनी. कुर्तुबाचे थोर जर्राह अबुल कासिम अज़-ज़हरावी यांनी हजार वर्षांपूर्वी ‘अत-तसरीफ’मध्ये दुखऱ्या दाताला डाग देण्याची रीत लिहून ठेवली आहे. बाजूचे तोंड भाजू नये म्हणून तापलेली सळई नळीतून आत घालायची. पुढे युरोपातही तापलेल्या तारेने नस जाळत असत.

मुळाच्या आत उतरण्याचे खास अवजार आले 1838 मध्ये. अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घेतली, कानशीने तिला बारीक दाते पाडले आणि त्या तारेने मुळातला सडका गर खरवडून काढला. (याच गृहस्थांनी बंदुकीतही सुधारणा केल्या आणि जास्त नाव त्यामुळेच झाले. दुनियेचा न्याय!) आज डॉक्टरांच्या हातात दिसणाऱ्या बारीक फाइली याच कल्पनेच्या वंशातल्या.

पण जिवंत नस खरवडू कोण देणार? 1836 मध्ये न्यूयॉर्कच्या स्पूनर यांनी त्यावर तोड सांगितली होती. दाताच्या पोकळीत चिमूटभर सोमल, म्हणजे आपल्या उर्दूतला संखिया, भरून ठेवायचा. काही दिवसांत नस मरते. नस मरे हे खरे, पण सोमल झिरपला तर हिरडी आणि जबड्याचे हाडही मरे. तरी हा इलाज विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिला.

रिकामी झालेली नळी भरायची कशाने? सोन्याचा वर्ख ठासून पाहिला, पण ते खर्चाचे आणि किचकट काम. उत्तर मलय मुलखातल्या एका झाडात होते. त्याच्या चिकाला गट्टा-पर्चा म्हणतात. तो गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाला की घट्ट. मलय लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करत. सिंगापूरला असलेल्या माँटगोमेरी या ब्रिटिश डॉक्टरने ते पाहिले आणि 1843 मध्ये नमुने लंडनला गेले. समुद्राखालच्या तारांना याच चिकाचे वेष्टण असे. 1870 मध्ये मुंबईला पोचलेली तारही त्यातलीच. 1867 च्या सुमारास सेंट लुईसच्या बोमन यांनी तो दाताच्या मुळात भरला. आजही रूट कॅनॉलमध्ये बहुधा हाच चीक भरतात.

म्हणजे हुनर होता, सामान होते. नव्हती ती जंतूंची ओळख. अवजारे उकळून घेण्याची रीत नव्हती. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून थुंकी बाहेर ठेवण्याची युक्ती काढली, पण तीही दात कोरडा राहावा म्हणून. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर यांनी 1890 च्या ग्रंथात तोंडातल्या जंतूंचे काम उलगडले. ते गोडधोडातून आम्ल तयार करतात आणि आम्ल दात पोखरते. पुढे 1894 मध्ये सडलेल्या गरातही त्यांना जंतू दिसले. तेराव्या शतकात अल-जौबरी यांनी दातातून अळी काढून दाखवणाऱ्या भोंदूंचे बिंग फोडले होते. अळी खोटीच होती. आपल्या भाषेतला ‘कीड’ हा शब्द मात्र मिलर यांच्या सूक्ष्मदर्शकाने वेगळ्या अर्थाने खरा ठरवला.

मुळाचे टोक किती खोल आहे हेही अंदाजानेच ठरे. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले. जर्मनीत वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, त्याला 25 मिनिटे लागली. न्यू ऑर्लिन्सच्या केल्स यांनी मुळात तार घालून एक्स-रेने लांबी मोजली, 1899 मध्ये. किरणांपासून बचाव कसा करायचा हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांची आधी बोटे गेली, मग हात.

या साऱ्या काळात कितीतरी दात पुरते साफ न करताच बंद केले गेले. आत पू आणि वर सोन्याची टोपी! 1910 मध्ये लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या भाषणात यावर कडाडून टीका केली. टीका रास्त होती. पण तिचा अर्थ असा लावला गेला की संधिवात असो की पोटदुखी, दात काढा! पुढची कित्येक वर्षे चांगले, वाचण्याजोगे दातही सर्रास उपटले गेले. अमेरिकेत मुळे वाचवू पाहणाऱ्या दंतवैद्यांना 1943 मध्ये शिकागोत आपली वेगळी संघटना काढावी लागली.

आज भूल आहे, एक्स-रे आहे, निर्जंतुक अवजारे आहेत. मूळ चिरलेले असेल किंवा दाताला आधारच उरला नसेल, तर दाढ काढणेच योग्य, आणि ते डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात. मेसेजमध्ये ज्या ‘संशोधना’चा हवाला असतो ते बहुधा 1920 च्या दशकातले, वेस्टन प्राइस यांचे. त्यांनी मुळाचा इलाज झालेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले आणि ससे आजारी पडले. दात उपटतानाच त्यांना तोंडातले जंतू लागले असणार, हा आक्षेप पुढे इतर संशोधकांनी घेतला आणि नीट काळजी घेऊन केलेल्या प्रयोगांत तसे निकाल मिळाले नाहीत. मेसेज मात्र अजून त्याच सशांच्या भरवशावर फिरतो आहे.