किल्ल्या आत्याकडे असतात

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आत्याच्या पडवीत एक खुंटी आहे. तिच्यावर शेजारच्या बंद घरांच्या किल्ल्या लटकलेल्या असतात. गणपतीच्या आधी आठवडाभर आत्या एकेक घर उघडते, जाळी काढते, चुलीजवळची घुशीची बिळं बुजवते. मग मुंबईहून गाड्या येतात आणि वाडी गजबजते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की किल्ल्या पुन्हा खुंटीवर.

कोकणात अशा वाड्या काही कमी नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली.

आणखी एक आकडा पाहा. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ११२२! हे मुलींच्या स्वागताचं लक्षण समजू नका. पुरुष मुंबईला, घर बाईच्या डोक्यावर, हे तिथलं कित्येक पिढ्यांचं गणित आहे. गिरणीतला चाकरमानी मनीऑर्डर पाठवायचा आणि बायको गावी भात लावायची, सासू-सासऱ्यांचं करायची, पोरं वाढवायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, पण मुंबईची वाट काही थांबली नाही. उलट आता मुलगा एकटा जात नाही. नालासोपारा, विरार, दिवा इथे भाड्याची खोली घेतो आणि बायको-मुलांनाही नेतो. त्यात गैर काय? नवऱ्याविना संसार ओढलेल्या बाईला विचारा, सुनेच्या वाट्याला तेच यावं असं तिलाही वाटत नाही.

पण मागे उरतात म्हातारी माणसं. माकडांच्या त्रासाने परसातली भाजी लावणं सुटतं. घर सामायिक असतं, सातबारावर दहा-बारा नावं, त्यामुळे कौलं कोणी फिरवायची यावरच वर्षं जातात. एक पावसाळा कौलं फिरली नाहीत की वासे कुजतात, आणि मातीची भिंत काही फार काळ तग धरत नाही.

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात मोनोवी नावाचं गाव आहे. १९३० च्या दशकात तिथे दीडशे माणसं होती, २०१० च्या जनगणनेत एक. ती एकटी म्हातारी बाई गावची खानावळ चालवायची, ग्रंथालय सांभाळायची आणि महापौरही तीच! आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मग तिच्याकडे किती किल्ल्या असतील रे!’’

हसू आलं, पण माणसं मोजण्यावर खूप काही अवलंबून असतं. दीड हजाराच्या आतल्या ग्रामपंचायतीत सात सदस्य, पुढे लोकसंख्येप्रमाणे वाढत सतरापर्यंत. निधीच्या वाटपातही डोकी मोजली जातात. पटावर वीसपेक्षा कमी मुलं असली की शाळा दुसरीकडे जोडण्याची चर्चा सुरू होते. शाळा गेली की उरलेली तरुण जोडपीही निघतात. एसटीची फेरी असते ती प्रवाशांच्या भरवशावर.

आत्यासारख्यांनी गुडघेदुखीसाठी डॉक्टरकडे जायचं कसं, हा प्रश्न मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. तेव्हा वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी थोडं अधिक करायला हवं, असं मला वाटतं. कौलांचा खर्च भावंडांत वाटून घ्या. किल्ली सांभाळणाऱ्या बाईला नुसता पेढ्यांचा पुडा देऊन निघू नका, तिच्या औषधांची आणि तालुक्याच्या फेरीची सोय पाहा.

२०२१ मध्ये व्हायची जनगणना आता होते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक येतील तेव्हा खुंटीवर सगळ्या किल्ल्या असतील. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आहे. पालखी घरी यायची म्हणजे दार उघडं हवं, म्हणून शिमग्याला सगळे येतात.

‘‘जरा तीन आठवडे थांबले असते,’’ आत्या म्हणाली, ‘‘तर मोजायला माणसं तरी दिसली असती.’’